बुटकं नेक्टरिन: अंगणात, कुंडीत आणि थंडीचा हिशोब

अंगणवेल (सॅन होजे) · १० जानेवारी

नेक्टरिनच्या (म्हणजे लव नसलेल्या पीचच्या) जॅमच्या धाग्यावर तिघीचौघींनी विचारलं होतं, "घरचं नेक्टरिन? केवढं झाड आहे तुमचं?" तिकडे अवांतर नको म्हणून इथे सविस्तर लिहिते. शिवाय जानेवारी चालू आहे. कॅलिफोर्नियात उघड्या मुळांची झाडं नर्सरीत येतात ती याच दिवसांत. लावायचं असेल तर फेब्रुवारी उलटायच्या आत ठरवा.

माझं झाड डोक्यापेक्षा जेमतेम वर जातं. जात 'नेक्टर बेब'. ते पाच-सहा फुटांवर थांबतं आणि मी छाटून तसं ठेवलेलं नाही, ते जन्माचंच बुटकं आहे. नर्सरीत 'सेमी-ड्वार्फ' अशी चिठ्ठी लावलेली झाडं असतात, ती वेगळी. त्यांत वरचं कलम नेहमीच्या झाडाचं आणि खालचा खुंट, उदाहरणार्थ 'सायटेशन', त्याला थोडा आवर घालणारा. मोकळं सोडलं तर ते बारा-चौदा फूट सहज जातं आणि दर उन्हाळ्यात कात्री घेऊन मागे लागावं लागतं. जनुकीय बुटक्या झाडाचा बुटकेपणा वरच्या कलमातच असतो. त्याची पेरं इतकी आखूड की पानं एकमेकांवर दाटून येतात, आणि मार्चमध्ये फुललं की फांदीची साल दिसत नाही, नुसता गुलाबी रंग.

'नेक्टर बेब', 'हनी बेब' (हे पीच), 'नेक्टा झी', 'पिक्स झी' या सगळ्या जाती फ्लॉइड झायगर यांच्या. इथून दोनेक तासांवर मोडेस्टोला त्यांचं घरचं शेत. प्लम आणि जर्दाळूच्या संकराचं प्लूओटही त्यांचंच. २०२० मध्ये वारले. आपल्यातले निम्मे लोक ज्या सांता क्लारा खोऱ्यात (सिलिकॉन व्हॅलीत) कोड लिहितात तिथे पूर्वी जर्दाळू आणि प्रूनच्या बागाच बागा होत्या, तेव्हा हवा-मातीबद्दल शंका नको.

आता जी गोष्ट नर्सरीवाले पटकन सांगत नाहीत ती. बहुतेक पीच-नेक्टरिन एकटं झाड असलं तरी फळतात. 'नेक्टर बेब' मात्र नाही. त्याला जवळपास दुसरं पीच किंवा नेक्टरिन लागतं, तेही त्याच सुमारास फुलणारं. माझ्याकडे शेजारी 'हनी बेब' आहे. एकच झाड लावायची जागा असेल तर 'नेक्टा झी' घ्या, ते एकटं भागवतं.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

तिरकसराव · १० जानेवारी

म्हणजे एका बुटक्यासाठी दुसरा बुटका आणायचा. नर्सरीवाल्याचं भलं आहे.

बाकी एक खरा प्रश्न. पीचचे पराग पडले तर नेक्टरिनच्या सालीवर लव येईल का?

अंगणवेल · १० जानेवारी

नाही. साल आणि गर दोन्ही आईच्या झाडाचे. परागाचा वाटा फक्त आतल्या बीमध्ये. ती बी पेरलीत तर मात्र वडिलांचे गुण दिसतील. नेक्टरिन ही वेगळी प्रजाती नाहीच, पीचच आहे. लव न येण्याचं जनुक अप्रभावी, म्हणून ते दोन्हीकडून आलं तरच साल गुळगुळीत. त्यामुळे माझ्या नेक्टरिनच्या बीतून बहुधा लवदार पीच निघेल. कलमाचंच झाड घ्या.

हापूसप्रेमी (अर्व्हाइन) · ११ जानेवारी

छान धागा. आमच्याकडे दक्षिण कॅलिफोर्नियात थंडीच पडत नाही, तर जमेल का? ५०० तास ५०० तास असं सगळीकडे वाचतोय, ते नक्की काय प्रकरण आहे?

अंगणवेल · ११ जानेवारी

हिवाळ्यात तापमान साधारण ०° ते ७° से. या पट्ट्यात जितके तास राहील, तितके 'थंडीचे तास'. झाड ते मोजून ठेवतं. कोटा भरला की मग ऊब आल्यावर कळ्या उघडतात. भरला नाही तर कळ्या उशिरा, अर्धवट, मागेपुढे फुटतात. काही फांद्यांवर पानं, काही नुसत्या काठ्या, फुलं आली तरी गळून जातात. 'नेक्टर बेब' आणि 'नेक्टा झी' दोघांनाही ५०० च्या आसपास लागतात.

तुमच्याकडे 'सदर्न बेल' बघा. तेही जनुकीय बुटकं नेक्टरिन, ३०० तासांत भागतं. लावताना अंगणातली सगळ्यात थंड जागा शोधा. दक्षिणेकडच्या भिंतीला टेकवू नका, ती भिंत रात्रभर ऊब देत राहते.

टेम्सकाठची (रेडिंग, इंग्लंड) · ११ जानेवारी

आमच्याकडे बरोब्बर उलटं! थंडी पोत्याने आहे, ऊन मोजून. त्यामुळे आम्ही दक्षिणेकडची भिंतच शोधतो.

माझं झाड कुंडीत आहे, 'नेक्टरेला'. जॉन इनेस नंबर ३ माती, तळाला चांगली भोकं, खाली विटांचे तुकडे ठेवून कुंडी जमिनीपासून उचललेली. इकडे पीचच्या पानांवरचा गुंडाळ्या रोग फार. पण कुंडी असल्याचा मोठा फायदा म्हणजे डिसेंबरात मी ती घराला लागून असलेल्या काचेच्या पडवीत ओढून नेते आणि मे मध्यापर्यंत तिच्या फांद्यांवर पावसाचा थेंब पडू देत नाही. पाणी फक्त मातीला. या रोगाच्या बुरशीला पावसाचं पाणी लागतंच, ते मिळालं नाही की फवारणीची गरज नाही. फक्त पडवी तापवू नका, नाहीतर थंडीचे तास बुडतात.

फुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा बाहेर मधमाशी औषधालाही नसते. दुपारी ऊन असताना रंगाचा मऊ ब्रश घेऊन फुलाफुलावर फिरवते. माझा नवरा म्हणतो, झाडाचा मेकअप चाललाय.

पावसाळी_पोर्टलंड · १३ जानेवारी

अंगणवेलताई, या गुंडाळ्या रोगाबद्दल जरा विस्ताराने लिहा ना. मागच्या वसंतात आमचं झाड बघवत नव्हतं. पानं लाल, जाड, फुगीर, हातात घेतली तर कानाच्या पाळीसारखी लागायची. मग त्यावर पांढुरकी भुकटी आली आणि सगळी झडली. जूनमध्ये नवी पानं आली ती एकदम निरोगी. मी ती पानं दिसल्यादिसल्या औषध मारलं, काही उपयोग झाला नाही.

अंगणवेल · १३ जानेवारी

उपयोग होणारच नव्हता. टॅफ्रिना नावाची ही बुरशी. तिचे बीजाणू हिवाळाभर सालीवर आणि कळ्यांच्या खवल्यांत बसून असतात. कळी फुगून टोक हिरवं दिसायला लागलं आणि तेव्हा थंड, ओला पाऊस असला की आत शिरतात. तुम्हाला लाल पान दिसतं तेव्हा आत शिरून बरेच दिवस झालेले असतात. पुढे ऊन तापलं की ती आपोआप थंडावते, म्हणून जूनची पानं निरोगी. पण झाडाने एक अख्खी पालवी फुकट घालवलेली असते, त्या वर्षी फळ यथातथा आणि असं दरवर्षी झालं तर झाड खंगतं.

औषध म्हणजे तांबं, आणि वेळ म्हणजे झाड झोपलेलं असताना. पानं गळून गेली की नोव्हेंबरअखेर एक फवारणी. पाऊस जास्त असेल तर कळ्या फुगायच्या आत, म्हणजे जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, दुसरी. तुमच्या पोर्टलंडला दुसरी लागणारच. कोरडा दिवस बघा, प्रत्येक फांदी सगळ्या बाजूंनी निथळेपर्यंत भिजली पाहिजे. बुटक्या झाडाचं सुख इथे कळतं. शिडी नको, हातपंप पुरतो.

गोडीछाटणी (निफाड) · १४ जानेवारी

नमस्कार मंडळी. आमची द्राक्षबाग आहे, पीच कधी लावलं नाही. पण तांब्याचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

आम्ही घरीच बोर्डो करतो. १ टक्का म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद, १ किलो चुना. ताईंच्या एका झाडाला १० लिटर खूप झालं, तर शंभर-शंभर ग्रॅम. मोरचूद एका प्लास्टिकच्या बादलीत रात्री भिजवायचं, चुना दुसऱ्या बादलीत विरघळवून गाळून घ्यायचा, मग एकत्र करायचं. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं नको. तयार झालं की विळ्याचं घासलेलं पातं त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय, चुन्याची निवळी अजून घाला. पातं स्वच्छ निघालं की फवारा. केलं त्याच दिवशी संपवायचं, उद्यावर ठेवलं की गेलं.

एक सांगतो, पानावर असताना तांबं मारू नका. पीच, बदाम या मंडळींची पानं तांब्याने जळतात.

अंगणवेल · १४ जानेवारी

दादा, विळ्याची परीक्षा भारी आहे. इथे आम्ही तयार तांबं विकत आणतो, डब्यावर धातुरूप तांब्याची टक्केवारी लिहिलेली असते ती बघून. पण पोर्टलंडवाल्यांनो, ही पोस्ट जपून ठेवा.

गच्चीवरची_माती (पुणे) · १६ जानेवारी

सगळं वाचून तोंडाला पाणी सुटलंय. मला ऑनलाइन एका ठिकाणी 'ड्वार्फ नेक्टरिन, सर्व हवामानात, कुंडीत पहिल्याच वर्षी फळ' असं कलम दिसलं. फोटोत तर पानापेक्षा फळं जास्त. पुण्यात गच्चीवर येईल का? यंदा पहाटे चांगलीच थंडी होती.

तिरकसराव · १६ जानेवारी

त्या फोटोत फळांना फुलपाखरं आणि निळे गुलाब पण लागलेत का बघा.

गोडीछाटणी · १६ जानेवारी

ताई, पैसे घालवू नका. थंडीचं म्हणाल तर महाराष्ट्रात आमच्या निफाडचा आकडा दरवर्षी पेपरात येतो, पारा चार-पाचावरही उतरतो. पण तो कधी? पहाटे तीन-चार तास. दहा वाजता स्वेटर काढायचा, दुपारी २८-३० अंश. दुपारची ऊब पहाटेची जमा झालेली थंडी खाऊन टाकते. तुमच्या पुण्यात तर सात अंशांखाली पारा जायची रात्रच विरळा.

द्राक्षही मुळात थंडीत झोपणारं झाड. आपल्याकडे ते झोपत नाही, म्हणून आम्ही वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर डोळे (काडीवरच्या कळ्या) एकसारखे फुटावेत म्हणून डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइड लावतो. म्हणजे थंडीचं काम रसायनाकडून करून घेतो. ते घरच्या बागेत आणायचं नाही बरं का. अंगावर पडलं तर वाईट, आणि लावणाऱ्याने त्या दिवसांत दारूला शिवायचंही नाही, शरीरात दोघांचं भांडण होतं.

गच्चीवरची_माती · १७ जानेवारी

मग हिमाचलवाल्यांचं ते एचआरएमएन-९९ सफरचंद आपल्याकडे लावतातच ना लोक? तसं नेक्टरिनचं काही?

अंगणवेल · १७ जानेवारी

ते सफरचंद हरिमन शर्मा यांनी बिलासपूरच्या उष्ण भागात निवडलेलं, त्यांना २०२५ मध्ये पद्मश्रीही मिळाली. पण एका सफरचंदाला जमलं म्हणून प्रत्येक पीचला जमेल असं नाही. कमी थंडीचे पीच आहेत. 'फ्लोरडाप्रिन्स' १५० तासांत भागवतं, पंजाबात 'शान-ए-पंजाब' चालतं. मात्र पंजाबचा जानेवारी आणि पुण्याचा जानेवारी यात किती फरक आहे ते तुम्हीच बघा. भारतात नेक्टरिन व्हायचं ठिकाण म्हणजे हिमाचल. सिरमौरमधलं राजगड पीचसाठी प्रसिद्धच आहे.

आणि जो विकणारा जातीचं नाव सांगत नाही, थंडीचे तास सांगत नाही, त्याच्याकडून पीच-सफरचंद-चेरी काहीच घेऊ नये.

गोडीछाटणी · १७ जानेवारी

गच्चीवर अंजीर लावा ना. पुरंदर तुमच्या उशाशी आहे. कुंडीत मजेत येतं, छाटणी सोसतं, जोडीदार लागत नाही.

गच्चीवरची_माती · १७ जानेवारी

ऑर्डर रद्द केली. आता सासवडला जाऊन अंजिराचं कलम आणते. धागा मात्र वाचत राहणार.

हापूसप्रेमी · २ फेब्रुवारी

'सदर्न बेल' मिळालं! अर्ध्या पिंपात लावलंय. खड्ड्यात शेणखत वगैरे घालायचं का, असं जमिनीत लावणारा शेजारी विचारतोय.

अंगणवेल · २ फेब्रुवारी

अभिनंदन! जमिनीत लावताना खड्ड्यात खत भरू नका. आपल्याकडे 'खड्डा भरून घ्या' असं हाडीमाशी भिनलंय, पण इथल्या चिकणमातीत तो खड्डा पाणी धरून बसतो आणि पीचची मुळं ओल्यात कुजतात. त्याच मातीचा उंचवटा करून त्यावर लावा, कलमाचा सांधा मातीच्या बराच वर ठेवा आणि पालापाचोळा वरून पसरा, पण बुंध्यापासून लांब.

दुसरं, खोडाला पांढरा रंग द्या. घरातल्या भिंतीला लावतो तो पाण्यात मिसळणारा, तितकंच पाणी घालून पातळ केलेला. कोवळी साल कॅलिफोर्नियाच्या उन्हात भाजते, फाटते आणि तिथून खोडकिडा शिरतो.

गोडीछाटणी · ३ फेब्रुवारी

आम्ही बोर्डो पेस्ट लावतो. कारण वेगळं, ब्रश तोच.

अंगणवेल · १२ एप्रिल

धागा वर काढतेय, कारण आता विरळणीचे दिवस आहेत आणि लोक नेमकं हेच करत नाहीत.

आज सकाळी एक फांदी मोजली. हाताच्या पंजाएवढी लांब आणि तिच्यावर वीस फळं, प्रत्येक अंगठ्याच्या नखाएवढं, एकमेकांना खेटून, काहींच्या टोकाला वाळलेल्या फुलाची टोपी अजून तशीच. त्या फांदीवर मी एक ठेवलं. बाकीची एकोणीस खाली.

मोठ्या झाडावर दोन फळांत साधारण १५ सेंटीमीटर अंतर ठेवा असं सांगतात. बुटक्या झाडाची फांदीच तेवढी, म्हणजे फांदीला एक, फार तर दोन. झाड बुटकं, पण फुलं-फळं धरायची खोड पूर्ण उंचीच्या झाडाची. सगळी ठेवलीत तर लिंबाएवढी, कोयीला चिकटलेली, आंबट फळं मिळतात आणि भाराने फांदी फाटते ती वेगळी. कोय टणक व्हायच्या आत काढली तरच उरलेल्यांना फायदा. जोडफळं, चेपलेली, पानाला घासणारी आधी काढा. आणि मधल्या पानांच्या गचपणातून काही कोवळे फुटवे बुडापासून काढून टाका. जनुकीय बुटक्या झाडाला छाटणी कमी लागते, पण पोट मोकळं नसलं तर वारा फिरत नाही आणि पिकताना फळं कुजतात. नेक्टरिनला लवेचं संरक्षण नाही, पीचपेक्षा ते लवकर बिघडतं.

गोडीछाटणी · १२ एप्रिल

शंभर टक्के. द्राक्षाच्या घडातले मणी कात्रीने काढताना नवीन माणसाचा हात असाच थरथरतो. घरच्यांना बघू देऊ नका, आमची आजी म्हणायची, "आलेलं पीक मातीत घालतायत मेले."

पावसाळी_पोर्टलंड · १३ एप्रिल

फेब्रुवारीत तांबं मारलं होतं. यंदा सगळ्या झाडावर मिळून चार-पाचच लाल पानं, तीही तोडून टाकली.

एक विचारायचंय. ती विरळलेली हिरवी फळं टाकवत नाहीत. कैरीसारखी करता येतील का?

टेम्सकाठची · १३ एप्रिल

येतात की! उभी चिरून आतली कोवळी बी काढून टाकायची, हे मात्र चुकवायचं नाही. पीचच्या बीत कडू बदामासारखंच सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. मग मीठ लावून पाणी सुटू द्यायचं, पुसून कैरीच्या लोणच्याचा तयार मसाला, थोडा लिंबाचा रस (आंबटपणा कैरीइतका नाही), वरून मोहरीची फोडणी गार करून. फ्रिजमध्ये ठेवते. तांब्याची फवारणी झाडावर पानं नसताना झालेली असली तरच, नाहीतर नको.

हापूसप्रेमी · १५ जून

'सदर्न बेल'वर पहिल्या वर्षी तीन फळं ठेवली होती, ती लालभडक झालीत. काढू? खारी टपून बसल्यात.

शिवाय इकडे फळमाशीची धास्ती आहे. रेडलँड्समध्ये ओरिएंटल फ्रूट फ्लाय सापडली म्हणून २०२४ च्या सुरुवातीला राज्याच्या कृषी खात्याने दोन हजारांवर घरांच्या अंगणांतली फळं उतरवून नेली होती.

गोडीछाटणी · १५ जून

ती माशी आमच्या ओळखीची आहे. कोकणात आंब्यावर येते तीच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा तिच्यासाठीच आहे, मिथाईल युजेनॉलच्या वासाने नर आत येतात. अमेरिकेला जाणारा आंबा विकिरण करून पाठवतात तोही अशा किडींमुळे, आणि ते एक केंद्र आमच्याच तालुक्यात, लासलगावला आहे. तेव्हा येताना बॅगेत आंबे दडवून नेऊ नका, काय ते इथेच खाऊन जा.

अंगणवेल · १५ जून

+१. आणि तुमच्या भागात कधी क्वारंटाइन लागलं तर फळं शेजारीपाजारी वाटायची नाहीत. घरातच खायची किंवा शिजवायची.

लाल रंगावर जाऊ नका. आजच्या जाती कच्च्या असतानाच लाल होतात. देठाजवळ, लाल पोहोचला नाही तिथला रंग बघा. हिरवा असेल तर थांबा, पिवळा झाला असेल आणि खांदे भरलेले असतील तर हलकं फिरवून बघा, तयार असेल तर हातात येतं. काढल्यावर ते मऊ पडेल, पण गोडी वाढत नाही. म्हणून झाडावर जेवढं थांबता येईल तेवढं थांबायचं, तोवर जाळी घाला. जाळी खाली बुंध्याशी घट्ट बांधा, खार वरून येत नाही, खालून शिरते.

तिरकसराव · १६ जून

आमच्याकडे वरून पण आली.

हापूसप्रेमी · १९ जून

दोन काढली, एक खारीने. रस कोपरापर्यंत. बायकोने विचारलं, फक्त दोन? म्हटलं पुढच्या वर्षी 'फांदीला एक' या हिशोबाने बघ.

टेम्सकाठची · १९ जून

आमची अजून सुपारीएवढी हिरवी आहेत. कुंडीला रोज पाणी आणि आठवड्याला टोमॅटोचं खत चालू. ऑगस्टमध्ये येऊन सांगते.